डेपोतून परत आलेला बगळा

मुलगी कॉलेजसाठी बेंगळुरूच्या होस्टेलवर गेली तेव्हा तिच्या खोलीत बुटांचं एक खोकं मागे राहिलं. त्यात रबरबँड लावून ठेवलेली चारएकशे कार्डं होती. शाळेत असताना ती हा खेळ खेळायची आणि जेवताना त्याबद्दल इतकं बोलायची, की मी न ऐकता योग्य जागी मान डोलवायला शिकलो होतो. ती गेल्यावर महिन्याभराने एका रविवारी मी ते खोकं उघडलं. तिची आठवण येत होती. बायकोला मात्र मी सांगितलं की खोली आवरतोय.

हे आवरणं गेली चार वर्षं चालू आहे.

खेळ समजायला सोपा आहे. कार्डांवर प्राणी असतात, योद्धे असतात, भिंती असतात, जादू असते. दुकानात बंद पाकिटं मिळतात, त्यात काय निघेल ते नशीब. जमलेल्या कार्डांतून प्रत्येकाने आपापला साठ कार्डांचा डेक बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं. दोघांनाही सुरुवातीला वीस गुण, आणि दर पाळीला आपल्या डेकमधलं एक कार्ड उचलायचं. ज्याचे गुण संपले तो हरला, आणि ज्याच्या डेकमधली कार्डं संपली तोही हरला. हे मी बायकोला पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पत्तेच की." मी म्हणालो, पत्ते म्हणू नकोस. तेव्हापासून ती पत्तेच म्हणते.

आम्ही राहतो म्हैसूरला, बोगादी भागात. मी अठरा वर्षांपूर्वी सांगलीहून इकडे आलो, बेळगोळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. रविवारी दुपारी स्कूटर काढून चामराजपुरमला जायचं. तिथे एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चार टेबलं आणि दहा-बारा खुर्च्या आहेत. दुकानाची मालकीण चाळिशीची, मूळची इथलीच. खाली वह्या-पेन विकते, वर हा खेळ चालवते. ती माझ्याशी सावकाश कन्नड बोलते, जसं आपण परक्याच्या लहान मुलाशी बोलतो तसं. अठरा वर्षांनंतरही.

तिथे माझी ओळख काकांशी झाली. काका त्र्याहत्तर वर्षांचे. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत होते. घरी अजून मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं आहे की पहिले काही रविवार मला निम्मंच कळायचं. काका बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता, हे ठरवण्यात आयुष्य गेलं. त्यांचं घर दुकानाच्या मागच्या अंगाला. एका रविवारी ते, खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, दुपारची झोप होत नाही, अशी तक्रार करायला वर आले. कुणीतरी त्यांना बसा म्हटलं. ते बसले. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे स्वतःचा डेक होता आणि खुर्च्यांचा आवाज तेही करत होते.

काकांचा डेक म्हणजे नुसत्या भिंती. हल्ला करायचाच नाही. समोरच्याने हल्ला केला की भिंत पुढे करायची, एक पडली की दुसरी. अशाने समोरच्याची कार्डं संपतात आणि तो हरतो. एकेक डाव तासभर चालायचा. त्यांच्यासमोर कुणाची पाळी आली की बाकीचे त्याच्याकडे, दवाखान्यात नंबर लागलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहायचे. "काका, जरा पटपट," असं कुणी म्हटलं तर ते म्हणायचे, "स्वल्प थांबा. गाडी वेळेवर सुटंल."

माझा डेक त्याच्या बरोबर उलटा होता. त्यात चौदा कार्डं नुसती मारायची. समोरच्याने काहीही उतरवलं की मी ते मारून टाकायचो. मेलेलं कार्ड बाजूच्या ढिगात जायचं आणि त्या डावापुरतं संपायचं. त्या ढिगाला काका डेपो म्हणत. "गाडी डेपोत गेली," असं म्हणून ते शांतपणे आपली पडलेली भिंत तिथे ठेवत. हळूहळू आम्ही सगळेच डेपो म्हणायला लागलो. तीन वर्षं मी तो डेक घडवला. एक कार्ड काढ, दुसरं घाल, परत पहिलं घाल. शेवटी असा झाला की वरच्या मजल्यावर निम्म्याहून जास्त डाव मीच जिंकायचो. हे मी मुलीला फोनवर दर आठवड्याला सांगायचो. ती "हो बाबा" म्हणायची. जेवताना मी ज्या पद्धतीने मान डोलवायचो, ती पद्धत तिने माझ्याकडूनच घेतली असावी.

मग नवा संच आला.

दर काही महिन्यांनी कंपनी नवीन कार्डांचा संच काढते, त्यात विशेष काही नाही. चार नवी कार्डं बरी निघतात, बाकीची खोक्यात जातात. पण या संचात एक नवा नियम होता. काही कार्डं मेल्यावर डेपोत पडून राहायची नाहीत. कार्ड उतरवायला खेळात जी किंमत मोजावी लागते, त्याहून थोडी जास्त मोजली की ती एकदा परत यायची. परत येताना काही काही तर आणखी जोरात यायची.

ही बातमी आली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की याने काही फरक पडणार नाही. परत आलं तर परत मारू. मालकीण म्हणाली, "सर, तुम्ही कार्डं वाचलीत का?" मी म्हणालो, साधारण अंदाज आहे.

नवा संच बाजारात यायच्या आधीच्या रविवारी तिने एक खास स्पर्धा ठेवली. जुने डेक चालणार नाहीत. प्रत्येकाने तिथेच नव्या संचाची सहा पाकिटं फोडायची आणि त्यातून निघेल त्यातूनच चाळीस कार्डांचा लहानसा डेक बांधायचा. त्यासाठी आठ जण हवे होते. ऐन वेळी एकाला ताप आला आणि आम्ही सात उरलो.

त्या दिवशी बायको माझ्याबरोबर होती. आम्हाला संध्याकाळी तिच्या मैत्रिणीकडे जायचं होतं, म्हणून ती हातात पुस्तक घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. मालकीण तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसता का आठव्या?"

"मला खेळता येत नाही."

"आज कुणालाच येत नाही. कार्डं सगळ्यांनाच नवी आहेत."

काकांनी आपल्या शेजारची खुर्ची रुमालाने पुसली. "या अम्मा. मी सांगतो. सुलभ आहे."

बायको आली. मला वाईट वाटलं, तिच्यासाठी. पहिल्या पाच मिनिटांत हरणार आणि मग मैत्रिणीकडे जाईपर्यंत गप्प बसणार, असं मी धरून चाललो.

इथे बायकोविषयी सांगायला हवं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रिपोर्ट तपासायचे आणि सही करायची. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर माणसाला नसलेला रोग होतो, असं ती म्हणते. त्यामुळे तिला काहीही दिलं की ती आधी वाचते. औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका, बिस्किटाच्या पुड्यावरची मागची बाजू. मी कारखान्यात ड्रॉइंग वाचून लोकांचा माल नाकारणारा माणूस, पण घरी मिक्सरसुद्धा अंदाजानेच चालवतो. या फरकावर आमच्या घरात बरंच बोलून झालं आहे.

तर तिने सहा पाकिटं फोडली आणि प्रत्येक कार्ड वाचायला घेतलं. पुढून, मग परत. बारीक अक्षर असेल तिथे चष्मा वर करून, कार्ड डोळ्यांजवळ नेऊन. शंका आली की काकांना विचारायची. काकांनाही उत्तर माहीत नसायचं, मग दोघं मिळून वाचायचे. मी पलीकडच्या टेबलावरून सांगत होतो, "अगं, एवढं वाचायचं नसतं. मोठी मोठी निवड, लहान सोडून दे."

ती म्हणाली, "हो." आणि वाचत राहिली.

पहिल्या फेरीत ती एका कॉलेजच्या मुलीशी हरली. दुसऱ्या फेरीत एका दंतवैद्याशी खेळली आणि जिंकली. दंतवैद्य म्हणाला, दया म्हणून मी सोपं खेळलो. तो घामेजलेला होता. तिसऱ्या फेरीत मालकिणीने यादी वाचली आणि बायको माझ्यासमोर येऊन बसली.

"अहो, मला समजून घ्या हां," ती म्हणाली.

मी म्हणालो, "काळजी करू नकोस. अडलं तर विचार."

दोनतीन चाली झाल्यावर तिने एक बगळा उतरवला. साधा बगळा, एका पायावर उभा, ताकद जेमतेम. माझ्या हातात मारायचं कार्ड होतंच. मी ते काढलं.

"त्याला मारू नका," ती म्हणाली.

"का? घाबरलीस?"

"नाही. तुमच्यासाठी सांगतेय."

एवढी वर्षं लोक माझ्या डोळ्यांत बघून खोटं सांगत आलेत, आपलं कार्ड मरू नये म्हणून. मी हसलो आणि बगळा मारला. तिने तो डेपोत ठेवला. पुढच्या चालीत तिने किंमत मोजून तो परत आणला, आणि त्याच्याबरोबर डेपोतली एक मगरही उचलून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"दुसरी ओळ," ती म्हणाली. "परत येताना सोबत एकाला आणतो."

मी कार्ड हातात घेऊन पाहिलं. दुसरी ओळ होती. बारीक होती, पण होती. ती मगर मी स्वतःच आधी मारली होती, फार आनंदाने.

मग मी चिडलो आणि चूक केली. राखून ठेवलेलं शेवटचं मारायचं कार्ड त्या मगरीवर खर्च केलं. तिने शांतपणे दुसरा बगळा उतरवला. तिच्या पाकिटांतून दोन निघाले होते. माझ्याकडे एक अस्वल होतं, मी त्याला बगळ्यावर सोडलं. ती परत म्हणाली, "अहो, ऐका जरा. मारू नका." आणि मी परत मारला. का, ते मला आजही सांगता येत नाही. हात सवयीने पुढे गेला. पुढच्या चालीला बगळा आला, मगर आली, आणि माझे उरलेले सात गुण एकदम गेले.

तिने लगेच कार्डं गोळा करायला घेतली. जिंकल्याचं तोंडावर काही नव्हतं. तिला बहुधा खरंच वाटत होतं की मी तिला समजून घेतलं.

काका बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बिडी सर, सोडून द्या. टाइमटेबल बदललंय, अष्टे. एवढंच झालंय."

मैत्रिणीकडे जायला आम्ही स्कूटरवर निघालो. मागून ती म्हणाली, "तो बगळा चांगला होता ना?" मी हॉर्न वाजवला. मैत्रिणीच्या दारात पोचतो तोच मुलीचा फोन आला.

"बाबा, बगळ्याला मारलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने मेसेज केला. दोन वेळा मारलास म्हणे." ती इतकी हसत होती की तिच्या खोलीतल्या मुलीही हसताना ऐकू येत होत्या. त्यांना तिने काय सांगितलं असेल, ते मी विचारलं नाही. पण त्या दिवशी आम्ही अर्धा तास बोललो. एरवी पाच मिनिटांत तिला कुठेतरी जायचं असतं.

पुढच्या रविवारी मी माझा जुना डेक घेऊन गेलो. जुना डेक खरा, पाकिटांचा खेळ निराळा, हे मला सिद्ध करायचं होतं. सलग चार डाव हरलो. तोपर्यंत सगळ्यांनी आपापल्या डेकमध्ये नवी कार्डं भरली होती. मी एखादं कार्ड मारलं की समोरचा चक्क "थँक्यू" म्हणायचा. कॉलेजची मुलगी तर आपलीच चांगली कार्डं मुद्दाम डेपोत फेकत होती, म्हणजे नंतर ती आणखी जोरात परत येतील. आधी डेपोकडे कुणी पाहायचं नाही. आता सगळे एकमेकांच्या डेपोत डोकावून पाहत होते, दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते बघावं तसे. "तुझा डेपो दाखव" हे वाक्य मी त्या दिवशी दहा वेळा ऐकलं.

दंतवैद्य मला म्हणाला, "सर, तुम्ही मारायची कार्डं कमी करा आणि..." मी त्याला म्हणालो, बघतो. मला दात दुखत असल्यासारखं झालं होतं.

खरं दुःख हरण्याचं नव्हतं. तीन वर्षं मी काहीतरी शिकलो होतो आणि ते एका पाकिटाने निकामी केलं, हे सोसत नव्हतं. त्या आठवड्यात मी कारखान्याच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून, नवीन मशीन आल्यावर जुने फिटर कसे गप्प होतात ते आठवत होतो. तेव्हा मी त्यांना ट्रेनिंग द्यायचो. शिका म्हणायचो, सोपं आहे म्हणायचो.

मला वाटलं होतं, काका तरी माझ्या बाजूला असतील. भिंतींचा माणूस. पण काका नव्या संचावर खूश होते. त्यांनी पाकिटं घेतली, घरी बसून कार्डं लावली, मालकिणीला दोनदा खालून वर बोलावून नियम विचारला. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्या भिंतींचं काय? आता कोण तुमच्यासाठी कार्डं संपवत बसणार? संपलेली परत येतात."

"हौदु, खरं आहे. म्हणून नवं बघतोय."

"वाईट नाही वाटत?"

काका म्हणाले, "वर्षातून दोनदा टाइमटेबल बदलायचं. पॅसेंजर भांडायचे, ड्रायव्हर भांडायचे. मी पण पहिल्या वर्षी भांडलो. मग सुचलं, मी काय गाडीचा मालक नाही." मग आवाज खाली करून म्हणाले, "पण सर, एक काम करूया. तुमचा जुना आणि माझा जुना. एकदा शेवटचं. बाकी कुणी नको."

त्या रविवारी आम्ही कोपऱ्यातलं टेबल घेतलं. नवं कार्ड एकही नाही, असं दोघांनी एकमेकांना शब्द दिला. त्यांनी भिंत लावली, मी पाडली. त्यांनी लावली, मी पाडली. मेलेलं मेलेलंच राहत होतं आणि त्यातलं समाधान मला शब्दांत सांगता येणार नाही. बाकीच्यांचे दोन-दोन डाव झाले, ते खाली जाऊन कॉफी आणि मद्दूरवडा खाऊन आले, आम्ही तसेच. तासाच्या पुढे गेल्यावर हळूहळू सगळे आमच्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले. हेच लोक वर्षानुवर्षं काकांच्या डावाला जांभया देत होते. आता ते माना पुढे काढून एकेक कार्ड पाहत होते. मालकीण दुकान सोडून वर आली होती.

माझी चौदाही मारायची कार्डं संपली. काकांची शेवटची भिंत उभी होती. मग दोघांनीही मोजायला सुरुवात केली. माझ्या डेकमध्ये चार कार्डं, त्यांच्या डेकमध्ये चार. पण आता उचलायची पाळी माझी होती. मी उचललं, त्यांनी उचललं. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी मी हात पुढे केला तर टेबलाशिवाय तिथे काही नव्हतं.

काका म्हणाले, "गाडी आली." आणि माझा हात हातात घेतला. 

मग त्यांनी तिथेच बसून आपला डेक सुटा केला. भिंती वेगळ्या, बाकीची वेगळी, वर रबर. मला विचारलं, "तुम्हाला यातलं काय पाहिजे?" मी नको म्हणालो. मला माझा डेक तिथे सगळ्यांसमोर सोडवता येईना. मी तो खिशात घालून घरी आणला.

आणखी दोन आठवडे तो कपाटात तसाच पडून होता. मी रविवारी नुसता जाऊन बसायचो, इतरांचे डाव पाहायचो. बायको मात्र खेळायची. पहिल्यांदा ती माझ्यासाठी म्हणून आली, दुसऱ्यांदा काकांनी बोलावलं म्हणून. नंतर ती कारण द्यायची थांबली. एका शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती आपला डेक पसरून बसली होती. मी कपाटातून माझा काढला आणि समोर बसलो. रबर काढलं. एकेक कार्ड वेगळं करायला लागलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येक कार्ड पूर्ण वाचलं. त्यातली तीन कार्डं अशी निघाली की त्यांचा खरा उपयोग मला तीन वर्षांत कळलाच नव्हता. हे मी तिला सांगितलं नाही.

तिने मान वर करून विचारलं, "त्यातलं एखादं मला देता का?"

"एकच," मी म्हणालो.

तिने माझी कार्डं ओढून घेतली, चष्मा वर केला आणि वाचायला सुरुवात केली. बराच वेळ वाचत होती. मी उठून कुकर लावला, ताक केलं, पानं घेतली. परत आलो तेव्हा तिने निवडलेलं कार्ड बाजूला ठेवलं होतं. त्या अख्ख्या डेकमध्ये अजूनही कामाचं असं तेवढं एकच कार्ड होतं.